आत्यासाठी जागा बघताना

आज मी आणि दादा आत्यासाठी केअर सेंटर बघत फिरलो. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, दोन महिने तरी सतत कुणीतरी जवळ हवं.

पहिल्या ठिकाणी एसी, कारंजं, सगळा थाट. मागचा जिना मात्र कुलूपबंद! किल्ली म्हणे वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला गेलेला. भंडाऱ्याच्या रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये आगीत १० बाळं गेली, तेव्हापासून माझी नजर आधी जिन्याकडेच जाते. आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', दर जानेवारी-जुलैला द्यावा लागतो, तो मागितला तर "फाइल ऑफिसात आहे."

दुसरीकडे भिंतींचा रंग उडालेला, पण लघवीचा वास कुठेच नाही. एक मावशी आजोबांना कुशीवर वळवून पाठ तपासत होत्या. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवतात, वहीत वेळ लिहितात. मी वही चाळलीच (दादा ओशाळला). रात्री दोनची, चारची नोंद, वेगवेगळ्या अक्षरांत. रात्री माणसं किती? मॅडम लगेच म्हणाल्या, "दोनच. कमी पडतात." हे ऐकून उलट धीर आला.

संध्याकाळी आत्याला सगळं सांगितलं. तिचा एकच प्रश्न, "चहा दोनदा मिळतो ना?"

ते विचारायचं राहिलं. उद्या फोन करते.