कऱ्हाड ते नरसोबाची वाडी: ११ किलोवरची पहिली फेरी

वरंध घाटात सायकल ढकलली होती तेव्हा माझ्या कॅरिअरवर १८ किलो सामान होतं. या खेपेला काट्यावर ११ भरलं. स्टोव्ह, भांडी आणि जिच्यावरून सगळ्यांनी मला छळलं ती घडीची खुर्ची घरीच ठेवली. जानेवारीतले तीन दिवस, आम्ही चौघं, कृष्णेच्या काठानं १११ कि.मी.

सुरुवात प्रीतिसंगमावरून. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भिडतात. यशवंतरावांच्या समाधीपाशी पाच मिनिटं थांबलो आणि निघालो. नदीकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हा समज पहिल्या तासातच फिटला. प्रत्येक ओढा नदीला मिळायला खाली उतरतो, मग रस्ताही फरशीपर्यंत उतरतो आणि पलीकडं चढतो. चढ लहान, पण संपत नाहीत. कमी केलेले ७ किलो मांड्यांना इथं कळले.

त्यात उसाचा हंगाम ऐन भरात. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की गुपचूप साइडपट्टीवर उतरायचं. मागची ट्रॉली हेलकावे खाते, त्यामुळं पुढची गेली म्हणून लगेच वर येऊ नका.

वाळव्याच्या अलीकडं पाणंदीत पाटाचं पाणी आलेलं. काळी माती मडगार्डमध्ये अशी बसली की मागचं चाक फिरेना. काडीनं कोरत वीस मिनिटं गेली. मडगार्ड न लावणारा आमचा मित्र तेवढा वेळ हसत होता. त्याच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा होता, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

मुक्काम औदुंबरजवळ. अगदी पाण्यालगत तंबू ठोकायचा बेत होता. वाटेत एका शेतकरी मामांना जागा विचारली, तर म्हणाले, "पाव्हनं, पाण्याकडंला नगा झोपू. सुसरी हायत." औदुंबर, भिलवडी, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि थंडीत त्या उन्हाला काठावर येऊन पडतात, हे मला वाचून माहीत होतं. तरी बेत तसाच केला होता, याला काय म्हणावं!

मामांनी त्यांच्या गुऱ्हाळाच्या आवारात जागा दिली. चुलवाणाच्या धगीवर कृष्णाकाठची वांगी भाजली, भाकरी त्यांच्या घरून आली, वर वाटीभर काकवी. वाळलेल्या चिपाडांवर तंबू टाकला तर मॅट लागलीच नाही. म्हणजे आणखी अर्धा किलो वाचला असता.

चूक एकच, पण मोठी: थंडी म्हणून तंबूच्या सगळ्या चेन लावून टाकल्या. पहाटे श्वासाची वाफ आतून ठिबकत होती, स्लीपिंग बॅग ओली. दुसऱ्या रात्री हरिपूरला, मित्राच्या मामेभावाच्या अंगणात, वरच्या बाजूला वीतभर फट ठेवली. कुडकुडलो, पण कोरडे उठलो.

त्याआधी सांगलीत १९२९ सालच्या आयर्विन पुलावर थांबलो होतो. इथं ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. खाली संथ नदी बघताना ते डोळ्यांसमोर येत नाही.

तिसऱ्या दिवशी वाडी अवघी २२ कि.मी. तेवढ्यातही बाभळीच्या काट्यानं दोन पंक्चर, दोन्ही माझेच. दर्शन, बासुंदी, मग टेंपो. पुढची फेरी खिद्रापूरपर्यंत. त्याआधी मागचं मडगार्ड दोन बोटं वर घ्यायचंय.