काच रिकामी झाली होती

1993चा मे. कारंजा सोडून आमची शकुंतला रेल्वे दारव्ह्याकडे निघाली होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, अडीच फुटी रूळ, आणि पुढे 1921 साली मँचेस्टरात बनलेलं इंजिन. लोक तिला खेळण्यातली गाडी म्हणायचे. वऱ्हाडातल्या मे महिन्यात फायरबॉक्सचं दार उघडून उभं राहिलेला माणूस असं म्हणणार नाही.

कोळसा कोणीही टाकतो. फायरमनचं खरं काम पाण्याचं. दाबाखालच्या बॉयलरमध्ये पाणी ढकलतो इंजेक्टर, तेही त्याच बॉयलरच्या वाफेवर. वाफ थंड पाण्यात विरते, तिचा वेग पाण्याला मिळतो आणि पाणी आत शिरतं. पण पाणी किंवा इंजेक्टरच तापला असेल तर वाफ विरत नाही, सगळं खालच्या नळीतून फसफसत वाया जातं.

डावा इंजेक्टर क्षारानं बुजला होता. उजवा पकडेना. बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खालच्या नटाआड गेलं. पाणी उतरून फायरबॉक्सचं छत उघडं पडलं की आधी त्यातला शिशाचा प्लग वितळायला हवा, म्हणजे वाफ आगीवर सुटते. नाही वितळला तर बॉयलरच फाटतो. आग जाळीतून खाली पाडायला मी सळई उचलली. नियम तोच होता.

"थांब लेका," उस्ताद, म्हणजे आमचे ड्रायव्हर, म्हणाले, "आग पाडली तर ही लेकरंबाळं दिवसभर या माळावर भाजतील."

गाडी उभी केली. आगीला हवा देणारं डँपर बंद. ओला चुरा थापून आग दाबली. मग इंजेक्टरला गोणपाट गुंडाळलं आणि डब्यातल्या बायांकडं पाणी मागितलं. एकीनंही नाही म्हटलं नाही. त्या उन्हात प्यायचं पाणी दिलं. तिसऱ्या कळशीला फसफस थांबली, नळीतून ठिबकणंही बंद झालं, आणि इंजेक्टर एका सुरात गुणगुणायला लागला. तो आवाज मी अजून ओळखेन.

गोणपाट बांधताना इंजेक्टरला वाफ सोडणारा कॉक दिसला. पुरता बंद नव्हता. कारंजापासून वाफ झिरपून इंजेक्टर तापत होता, आणि तो कॉक शेवटी मीच फिरवला होता. उस्तादांनीही तो पाहिला. हात घालून घट्ट केला, बोलले काहीच नाहीत.

यवतमाळला पोहोचल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, ‘टाकीतील पाणी गरम.’ मी शेजारीच उभा होतो.

पुढच्या एप्रिलात डिझेल आलं. ते खोटं माझ्यासाठी लिहिलं होतं की आग न पाडल्याबद्दल त्यांना स्वतःलाच जाब द्यावा लागला असता म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.