काटकसरीला सुरुवात कशी केली - माझा अनुभव

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका रात्री मी आणि नवऱ्याने क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पहिल्यांदा नीट वाचलं. तोपर्यंत आम्ही नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत होतो, 7 हजाराच्या आसपास, आणि वाटायचं की भरतोय ना वेळेवर, मग चाललंय व्यवस्थित. थकबाकी होती 1 लाख 38 हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे 4,830, त्यावर 18 टक्के जीएसटी, असे साधारण 5,700. म्हणजे आमच्या 7 हजारातले जेमतेम 1,300 मुद्दलातून कमी होत होते. आणि बिल पूर्ण भरलं नाही की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं, हे तर आम्हाला माहीतच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला भाड्याने राहतो. आम्ही दोघं, चौथीतली लेक आणि सासूबाई. माझं ऑफिस ऐरोलीला.

पहिला प्रयत्न फसला तो आधी सांगते कारण बरेच जण इथेच सोडून देतात. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं की आजपासून बाहेरचं खाणं बंद, कॅब बंद, नवीन कपडे बंद, सगळंच बंद. वर सगळं नीटनेटकं साधं दिसावं म्हणून काचेच्या बरण्यांचा सेट मागवला, 2,400 रुपयांचा. तीन आठवडे कसेबसे निघाले मग एका शुक्रवारी दोघंही दमून आलो, भांडलो, आणि बाहेरून जेवण मागवलं. लेक गप्प बसून जेवत होती ते अजून डोळ्यासमोर आहे. मी एकटीने ठरवून घरावर लादलं होतं, तिथेच चुकलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "अगं आधी महिनाभर नुसतं लिही, काही बंद करू नकोस. कुठे जातात ते तरी कळू दे." त्यांनी पूर्वी कमी पगारात घर चालवलंय, हिशोबाची वही असायची त्यांची. मी साधी दोनशे पानी वही आणली आणि ओट्याजवळ खिळ्याला पेन बांधून ठेवलं. यूपीआयने दिलेले 10 रुपयेसुद्धा लिहायचे. फक्त मी दुसऱ्या बाजूला कारण पण लिहायला लागले, म्हणजे हे पैसे का गेले. आणि महिना संपल्यावर वही वाचली तर हौसेमौजेचे खर्च फार नव्हतेच! "उशीर झाला", "दमले होते", "घरात आहे की नाही आठवलं नाही", हीच तीन कारणं पानोपानी.

म्हणून माझं सगळ्यांना हेच सांगणं आहे की खर्च कापायच्या आधी त्याचं कारण शोधा. माझी कॅब मला आरामाची सवय लागली म्हणून नव्हती, सकाळी 15 मिनिटं उशीर व्हायचा म्हणून होती. मग आम्ही रात्रीच भाजी चिरून ठेवायला लागलो, कणीक सासूबाई मळून ठेवतात, लेकीचा युनिफॉर्म आणि माझी बॅग दाराशी. आता शेअर रिक्षाने स्टेशन आणि ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, मधे एक दिघा गाव स्टेशन आलं की पुढचं आमचंच. सेकंड क्लासचा महिन्याचा पास कॅबच्या एका दिवसाच्या जाण्यायेण्याइतकासुद्धा पडत नाही.

स्वयंपाकघराचं तर एका रविवारी आम्ही सगळी कपाटं रिकामी करून ओट्यावर आणि खाली वर्तमानपत्रावर मांडलं. रव्याची तीन अर्धवट पाकिटं, साबुदाण्याची चार, धणेपूड दोन, आणि राजम्याच्या डब्यात पोरकिडे झालेले. दहा मिनिटात घरपोच येतं म्हटल्यावर आपण डबा उघडून बघतच नाही हो, सरळ मागवतो. ॲप काढून टाकलं. 18 दिवस दूध-भाजी सोडून काहीही आणलं नाही आणि जेवण रोज पोटभर झालं. आता महिन्याची यादी आणि जांभळी नाक्याच्या बाजारात एक फेरी, पिशव्या घेऊन दोघं जातो.

एफडीवरून मात्र घरात बरीच चर्चा झाली. आमची 1 लाखाची एफडी होती, 7 टक्क्याची. सासूबाईंचं म्हणणं एफडी मोडू नये, आणि त्यांची भीती मला समजत होती. पण एका हाताने वर्षाला 7 टक्के घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कार्डाला वर्षाचे 42 टक्के द्यायचे हे मी त्यांना वहीत आकडे मांडून दाखवलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, मोडा. उरलेले 38 हजार चार महिन्यात फेडले. कार्ड आता कपाटात आहे, बंद नाही केलं.

बाकी लहानसहान. एसी 18 वरून 25 ला आणि पंखा सोबत. महावितरणच्या बिलात 100 युनिटनंतर आणि परत 300 नंतर दर चढतो म्हणून उन्हाळ्यात 300 च्या आत राहायचा प्रयत्न असतो, मे महिन्यात नाही जमलं. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, डॉक्टरांना विचारून औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नाही, आतल्या घटकाचं) लिहून घेतलं आणि जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून आणतो, 1,900 च्या जागी 560. डॉक्टरांना न विचारता बदलू नका प्लीज. आणि लेकीसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो, 1893 पासूनची संस्था आहे आणि मी इतकी वर्षं समोरून नुसती जात होते याचं वाईट वाटतं.

एका गोष्टीवर आम्ही ठाम आहोत. घरकामाच्या मावशींचा पगार कापायचा नाही, दिवाळीचा बोनस पण कापायचा नाही, आणि भाजीवाल्या ताईंशी 5 रुपयांसाठी घासाघीस नाही. आपली काटकसर दुसऱ्याच्या पोटावर नको. कोणी पाहुणे आले तर चहा-पोहे आधीसारखेच.

लेकीला कमीपणा वाटेल ही भीती मला सगळ्यात जास्त होती. वाढदिवस घरीच केला, पावभाजी आणि नवऱ्याने कुकरमधे केलेला केक, आठ मैत्रिणी आल्या होत्या. रात्री तिने स्वतः वही काढून विचारलं की आई आजचा खर्च कोणत्या कारणात लिहायचा? आम्ही "आनंद" असं लिहिलं. 1,140 रुपये.

सध्या डोक्यात आहे ते पुढच्या मे मधलं नणंदेच्या मुलीचं लग्न. आहेर, साड्या, नाशिकला जाणं-येणं, आम्ही 30 हजार धरलेत आणि दर महिन्याला 2,500 ची आरडी (बँकेत दरमहा ठराविक रक्कम टाकायची ठेव) सुरू केलीये. सासूबाईंना वाटतं मामाकडून सोन्याचं काहीतरी जायला पाहिजे, नवऱ्याचं मत वेगळं आहे. गणपतीत नणंद येईल तेव्हा समोरासमोर बसून बोलायचं ठरलंय.