चार कार्डांचं मशीन, भाग ३: लेन, रायझर आणि न दिसणारा आठवा चॅनल

आजची स्थिती आधी सांगतो. बोर्ड उघड्या फ्रेमवर बसला आहे, मेमरीचे आठही चॅनल (प्रोसेसर आणि मेमरीमधले वेगवेगळे रस्ते) दिसतायत, आणि चारपैकी तीन आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं लोडखाली रात्रभर स्थिर राहिली आहेत. चौथं कार्ड खोक्यातच आहे. ते बाहेर का काढलेलं नाही, तेही पुढे येईल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. मला घरच्या घरी ७० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चालवायचंय आणि जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांचं लिप्यंतर त्याच मशीनवर करायचंय. असं मॉडेल १६ बिटमध्ये ठेवायचं तर नुसत्या वेट्सना, म्हणजे मॉडेलने शिकलेल्या आकड्यांनाच, १४० जीबी लागतात. ४ बिटवर आणलं की हेच काम ४० जीबीच्या आसपास येतं. म्हणजे २४ जीबीची दोन कार्डं कशीबशी पुरतात. पण लांब संदर्भ द्यायचा, शेजारी लिप्यंतराचं मॉडेलही चालू ठेवायचं, तर चार कार्डं हवीत. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण हा प्रश्न मला सारखा विचारला जातो: दोन कार्डं लावली म्हणून त्यांची मेमरी आपोआप एक होत नाही. मॉडेल कसं वाटायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते कसं वाटलंय यावर स्लॉटचा वेग किती महत्त्वाचा हे ठरतं.

मॉडेलचे थर वाटून दिले, म्हणजे पहिले वीस या कार्डावर, पुढचे वीस त्या कार्डावर, तर एका कार्डाकडून दुसऱ्याकडे जातं ते फारच थोडं. लामा ७० बी या मॉडेलची रुंदी ८१९२ आहे, म्हणजे प्रत्येक टोकनसाठी (शब्दाच्या तुकड्यासाठी) एका थराकडून पुढच्याकडे इतके आकडे जातात. १६ बिटमध्ये धरलं तर प्रत्येक टोकनमागे एका सीमेवरून १६ केबी जातात. त्याला स्लॉटच्या चार लेनसुद्धा पुरतात (लेन म्हणजे कार्डापर्यंत डेटा नेणाऱ्या तारांचा एक संच). पण प्रत्येक थरच सगळ्या कार्डांत चिरला, म्हणजे टेन्सर पॅरलल केलं, तर दर थरामागे दोनदा सगळ्या कार्डांना आपापली बेरीज जुळवावी लागते. ८० थर, म्हणजे एका टोकनसाठी १६० वेळा बोलणं. इथे लेन कमी पडल्या की कार्डं एकमेकांची वाट बघत बसतात. शिवाय या पद्धतीत अटेन्शन हेडची, म्हणजे प्रत्येक थरात समांतर चालणाऱ्या भागांची, संख्या कार्डांच्या संख्येने भागली जावी लागते. ६४ हेडना तीन कार्डं चालत नाहीत, दोन किंवा चारच. म्हणून सध्या तीन कार्डांवर मी थर वाटूनच काम चालवतोय.

याच कारणाने डेस्कटॉप प्रोसेसर बाद केला होता. एएम ५ वरच्या रायझन ७००० ला एकूण २८ लेन असतात, त्यातल्या चार चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे, जातात. ग्राफिक्सला १६. दोन कार्डं लावली तर आठ-आठ, तेही बोर्डाने ती सोय दिली असेल तर. तिसरं कार्ड बहुतेक बोर्डांवर चिपसेटमागच्या चार लेनवर जातं, आणि तिथे ते डिस्क, नेटवर्क, यूएसबी यांच्यासोबत एकच रस्ता वाटून घेतं. स्लॉट लांबीला सोळाचा दिसतो, म्हणून आत सोळा लेन असतातच असं नाही. बोर्ड घेण्याआधी मॅन्युअलमधला ब्लॉक डायग्राम बघावा, फोटो बघून ठरवू नये, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून एएमडीचा सर्व्हर प्रोसेसर, एपिक ७३०२पी. १६ कोर, १५५ वॉट, पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या १२८ लेन आणि मेमरीचे आठ चॅनल. २०१९ च्या पिढीचा प्रोसेसर आहे, पण या कामाला लेन हव्यात, कोर नकोत. जुन्या बाजारातून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. ७२८२, ७२७२, ७२५२ आणि ७२३२पी हे याच पिढीतले प्रोसेसर स्वस्तात मिळतात, मेमरीच्या आठ स्टिक त्यांनाही लावता येतात, पण त्यांची रचना चार चॅनलच्या वेगापुरतीच आहे. दुसरं म्हणजे, मोठ्या सर्व्हर कंपन्यांच्या मशीनमधून निघालेले काही प्रोसेसर त्याच कंपनीच्या बोर्डाला कायमचे बांधलेले असतात, ते दुसऱ्या बोर्डावर सुरूच होत नाहीत. विक्रेत्याला हे स्पष्ट विचारा. बोर्ड आहे एएसरॉक रॅकचा आरओएमईडी८-२टी: एटीएक्स आकारात सोळा लेनचे सात स्लॉट आणि मेमरीचे आठ. सातपैकी दुसऱ्या स्लॉटच्या लेन एम.२ आणि साटा या डिस्कच्या जोडण्यांशी वाटलेल्या आहेत, जंपरवर ठरतं. माझी एनव्हीएमई डिस्क त्या लेनवर असल्याने तो स्लॉट मी रिकामा सोडलाय.

मेमरीवर या वेळी सगळ्यात जास्त वेळ गेला. ३२ जीबीच्या आठ स्टिक, डीडीआर४-३२००, आरडीआयएमएम. या बोर्डाला साध्या डेस्कटॉपच्या स्टिक चालत नाहीत, रजिस्टर्डच लागतात. एका चॅनलचा वेग २५.६ जीबी प्रतिसेकंद, आठांचा मिळून २०४.८. ३०९० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग ९३६ जीबी प्रतिसेकंद आहे, त्यामुळे मॉडेलचा काही भाग रॅममध्ये राहिला की वेग तिथेच अडतो. म्हणून ६४ च्या चार स्टिकपेक्षा ३२ च्या आठ घ्याव्यात. जीबी तेवढेच, वेग दुप्पट.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळीच होती. सर्व्हर बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करतात, म्हणजे सुरुवातीला तिचे सिग्नल जुळवून घेतात, घाईने बंद करू नका. मग बीएमसीच्या (बोर्डावर देखरेख ठेवणाऱ्या चिपच्या) पानावर आकडा दिसला: २२४ जीबी. एक स्टिक गायब. गायब दिसणारी स्टिक शेजारच्या स्लॉटमध्ये घातली, तिथली इकडे आणली. बिघाड स्टिकबरोबर हलला नाही, स्लॉटलाच चिकटून राहिला. म्हणजे स्टिक चांगली आहे. एपिकच्या एसपी३ सॉकेटवर अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो प्रोसेसरच्या दाबावर, कारण मेमरीच्या तारा थेट प्रोसेसरला जातात आणि खाली ४०९४ संपर्क आहेत. कूलर काढला, पेस्ट पुसली, सॉकेट उघडून टॉर्चच्या तिरक्या उजेडात पिना बघितल्या. तिरक्या उजेडात सगळ्या पिना एका लयीत चमकतात आणि एखादी वाकलेली असेल तर तिथे ती लय तुटते. एकही वाकलेली नव्हती. प्रोसेसरच्या खालच्या बाजूला कडेच्या पॅडवर मात्र पुसट डाग होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो साफ केला, प्रोसेसर परत बसवला, आणि सॉकेटवरच छापलेल्या १-२-३ या क्रमाने तिन्ही स्क्रू थोडे थोडे करत आवळले. २५६ जीबी. त्यानंतर मेमरी टेस्टचा पूर्ण फेरा एकही एरर न येता पार पडला.

आता रायझर, म्हणजे स्लॉटपासून दूर ठेवलेलं कार्ड जोडणारी केबल. ३०९० तीन स्लॉटची जागा खातं. सात स्लॉटच्या बोर्डावर अशी तीन कार्डं थेट बसवता येतात, पण मग मधल्याला हवा मिळत नाही, आणि चौथ्याला जागाच उरत नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या अँगलची फ्रेम करून कार्डं वरच्या आडव्या पट्टीवर टांगली, खाली बोर्ड. दोन रायझर पहिल्या दिवसापासून नीट चालले. तिसऱ्यावर कार्ड दिसायचं, मॉडेल लोड व्हायचं, पण कर्नलच्या लॉगमध्ये एईआरचे (लिंकवरच्या चुका नोंदवणाऱ्या सोयीचे) दुरुस्त झालेले एरर धो-धो येत होते. एरर दुरुस्त होतात म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे तोच डेटा पुन्हा पाठवणं. बायॉसमध्ये तो एकच स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० वर उतरवला आणि लॉग शांत झाला. ४.० मध्ये सिग्नल १६ जीटी (गिगाट्रान्सफर) प्रतिसेकंदाने जातो, ३.० च्या दुप्पट, आणि लांब केबलमध्ये तो तितकाच लवकर क्षीण होतो. तिथे आखूड रायझर लावला आणि कार्ड बोर्डाच्या जवळ सरकवलं. आता तिन्ही ४.० वर सोळा लेनने चालतायत.

हे तपासताना एक लक्षात ठेवा. कार्ड रिकामं असताना एनव्हीडिया-एसएमआय हे कार्डाची माहिती देणारं टूल पीसीआय एक्सप्रेस लिंकची जनरेशन १ दाखवतं. ती वीज वाचवण्याची सोय आहे, बिघाड नाही. काहीतरी काम लावून मगच आकडा बघा. लेनची संख्या मात्र रिकामं असतानाही पूर्ण दिसली पाहिजे. सोळाच्या जागी आठ दिसले तर कार्ड किंवा रायझर नीट बसलेला नाही. बायॉसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग चालू ठेवा, नाहीतर इतकी कार्डं लावल्यावर पत्त्यांना जागा पुरत नाही. रिसायझेबल बारसाठी (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसण्याच्या सोयीसाठी) २०२० मध्ये निघालेल्या कार्डांना २०२१ मध्ये आलेला व्हीबायॉसचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या बायॉसचा, अपडेट लागतो.

विजेचा हिशोब साधा आहे. ३५० वॉटची चार कार्डं म्हणजे १४०० वॉट, वर क्षणिक उसळ्या वेगळ्या. प्रत्येकाला २५० ची मर्यादा घातली की चार कार्डांचे १००० होतात, बाकी सगळं धरूनही १६०० वॉटच्या एसएमपीएसवर आरामात बसतं. टोकन काढण्याच्या वेगाला मेमरीच जास्त अडवते, त्यामुळे या मर्यादेने फारसं बिघडत नाही. घरातला ६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर १३८० वॉटपर्यंतचा, त्याच्या इतकं जवळ तासन्‌तास चालवायची माझी तयारी नाही. इलेक्ट्रिशियनकडून डीबीपासून (घराच्या मुख्य वीजपेटीपासून) थेट १६ अँपिअरची वेगळी लाइन ओढून घेतोय, नीट अर्थिंगसकट. ती झाल्याशिवाय चौथं कार्ड खोक्यातून बाहेर येणार नाही.

उष्णतेचं काम अजून बाकी आहे. ३०९० च्या २४ मेमरी चिपांपैकी १२ पाठीमागे असतात, आणि पंखे पुढच्या बाजूला. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी कार्डाच्या मुख्य चिपचा कोअर ६५ अंशांवर निवांत होता, पण एका कार्डाची बॅकप्लेट हात लावून ठेवता येत नव्हता इतकी तापली होती. एनव्हीडिया-एसएमआय या मेमरीचं तापमान दाखवत नाही, त्यासाठी वेगळं टूल लागतं. तिथे १०४ दिसलं, आणि ११० ला कार्ड स्वतःला आवरतं. फ्रेमच्या मागे १४० मिमीचे दोन पंखे लावल्यावर ते ९२ वर आलं. त्या कार्डाचे थर्मल पॅड बदलणार आहे. दीड मिमी की दोन, हे मात्र कार्ड उघडून मोजल्यावरच ठरवेन, कारण कंपनीगणिक जाडी बदलते.

चौथं कार्ड बाहेर आलं की दोन-दोनच्या जोड्या करून एनव्हीलिंक, म्हणजे दोन कार्डांना थेट जोडणारा ब्रिज, लावून बघायचंय. जीफोर्समध्ये ही सोय ३०९० आणि ३०९० टीआयनंतर बंदच झाली. ब्रिज ताठ असतो, त्यामुळे टांगलेल्या कार्डांमधलं अंतर त्याच्या मापात मिलिमीटरपर्यंत जुळवावं लागेल. रायझरवरच्या कार्डांना कुणी ब्रिज लावला असेल, तर आधार पट्टी कशी केलीत आणि कार्डं कशी आवळलीत, ते फोटोसकट पाठवा. फ्रेमला भोकं पाडायची अजून बाकी आहेत.