जी 35.6 आला, मग 8.90, आणि आता कुठं जरा माणसात

मागच्या वेळी दोन फोन 5 मीटरवर ठेवून टाळ्यांनी ध्वनीचा वेग काढलेला सांगितलं होतं, ते बरं चाललंय, पण यावेळी फोनचाच लंबक करून जी, म्हणजे गुरुत्वाचा प्रवेग (मीटर प्रति सेकंद वर्गात), काढायचा होता, त्या लंबकानं आठ दिवस डोकं खाल्लं.

आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पोरांच्या घरचे फोन म्हणजे सगळे स्वस्तातले, सहा फोन तपासले त्यात जायरोस्कोप (फिरणं मोजणारा सेन्सर) एकातच, आणि फायफॉक्स या प्रयोगांच्या ॲपमधला तयार लंबक जायरोवर चालतो. म्हटलं जाऊ दे, ॲक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा) आहे की सगळ्यांत, त्यावरच करू. फोन टांगला, झोका दिला, आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, 1.01 सेकंद, तो दोरीच्या लांबीबरोबर सूत्रात घातला आणि जी आला 35.6! मागच्या बाकावरून एकजण म्हणतोय, "सर, आपण गुरू ग्रहावर हाय काय?" अरे बाबा गुरूवर पण 24.8 च आहे.

दोरी बदलली, फोन बदलला, ॲप काढून परत घातलं, तरी तेच. शेवटी रात्री लाईट गेलेली, मेणबत्तीपुढं बसून आलेख बघत होतो तेव्हा लक्षात आलं. झोक्याच्या दिशेचा झेड अक्ष जवळजवळ सपाट, कारण फोन दोरीबरोबर स्वतःच तिरका होतोय, तिथला गुरुत्वाचा भाग आणि प्रवेग एकमेकांना खाऊन टाकतात. हलतोय तो दोरीच्या दिशेचा वाय, साधारण 9.45 ते 10.4. तळाशी ताण जास्त, दोन्ही टोकांना कमी. म्हणजे एका पूर्ण दोलनात फोन तळातून दोनदा जातो, आलेखात शिखरं दोन! मी अर्धाच आवर्तकाल मोजत होतो हो. दुप्पट केला, 2.02.

पण जी आला 8.90. परत बोंब. ही चूक मात्र माझी, दोरी मोजली कव्हरच्या गाठीपर्यंत, 92 सेंटीमीटर, आणि फोन 16 सेंटीमीटरचा, मग मध्यापर्यंतचे 8 कुणी धरायचे? 100 धरले, 9.68. इकडं 9.78 च्या आसपास पाहिजे, म्हणजे एक टक्का चूक, मी तर खूश, घरी जाताना कुंदा घेऊनच गेलो.

टांगायचं म्हणाल तर एका दोरीवर फोन गिरगिर फिरतो, दोन दोऱ्याच लावा. सुतळी नको, ताणते. खडेबाजारातून मासे धरायची नायलॉन तार आणली, ती झकास. मऊ सिलिकॉन कव्हरला भोकं पाडू नका, फाटतं, मी वर्गात फोन पडताना बघितलाय (माझाच होता).

पुढं हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर घेऊन यळ्ळूरचा राजहंसगड चढायचं ठरवलेलं, पण हे लिहिता लिहिताच सुचलं, फोन टांगायचाच कशाला? फोन खाली जमिनीवर, कानाजवळच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवरून (काही जवळ आलं की ओळखतो तो) एखादं जुनं कुलूप झुलवायचं, ॲपमध्ये त्याचं स्टॉपवॉच आहेच, दोनदा मोजेल तेवढं ध्यानात ठेवायचं. तार सेन्सरच्या किती जवळून न्यायची ते बघावं लागेल. गड राहू दे, सोमवारी आधी किल्ली हरवलेलं कुलूप शोधतो.