आमची वाटचाल : दोन चाळण्या आणि पांढऱ्या खड्यांच्या चाळीस गोण्या

पुण्यात प्लांटेड टँकचं, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीचं सामान विकायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडे दोन चाळण्या होत्या, एक 3 मिलिमीटरची, एक 2 ची. आजही कॅपचं, म्हणजे टाकीतल्या मातीवर पसरायच्या थराचं ग्रॅव्हल (बारीक खडे) त्याच मापात चाळतो. 3 मधून पडतं आणि 2 वर अडतं तेवढंच घ्यायचं. 1 मिलिमीटरच्या खालची वाळू दबून बसते, तिच्यातून पाणी फिरत नाही. 5 च्या वरचे खडे असले की खालची माती वर येते आणि माशांची घाण खाली जाते. निळे-गुलाबी खडे आम्ही कधीच ठेवले नाहीत.

मग ते पांढरे खडे आले. चाळीस गोण्या, बिलावर ‘क्वार्ट्झ’ लिहिलेलं. दिसायला स्वच्छ, दाणा एकसारखा. आम्हीही हौसेने विकले. महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या : नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ज्यांच्याकडे झाडांसाठी पाण्यात सोडायच्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर होता त्यांचे टँक आधी बिघडले. जवळच्याच एका दुकानदाराने सांगायला सुरुवात केली की आमच्या मातीत खोट आहे. माती आमच्या हाताने चाळलेली होती. ते बोलणं आजही सलतं.

गाठ सोडवली आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने. निवृत्त रसायनशास्त्राचे शिक्षक, आम्ही त्यांना सरच म्हणतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी. सरांच्या नळाला केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 3 होता आणि टँकमध्ये 11. त्यांनी मूठभर खडे धुतले, खलबत्त्यात कुटून पूड केली आणि वर व्हिनेगर ओतलं. पूड फसफसली. तो संगमरवराचा चुरा होता. कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी होतं, त्यात संगमरवर लवकर विरघळतो, म्हणून सिलिंडरवाले आधी अडकले. केएचबरोबर पीएच चढला, लोह झाडांना मिळेनासं झालं.

व्हिनेगरची चाचणी आम्हीही करत होतो, पण अख्ख्या, कोरड्या खड्यावर. तिथेच फसलो. कोरड्या खड्यात अडकलेली हवाही बुडबुडे सोडते, आणि संगमरवराच्या अख्ख्या दाण्यावर सौम्य व्हिनेगर इतकं सावकाश चालतं की नजरेत येत नाही. पूडच करायला हवी. शिवाय बादलीत खडे आणि नळाचं पाणी दोन आठवडे ठेवून आधीचा-नंतरचा केएच मोजायचा. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणाऱ्या नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका, आकडा वाढला एवढंच तो सांगतो, कशाने ते नाही.

विकलेली प्रत्येक गोणी परत घेतली. माल देणाऱ्याने एक रुपया परत केला नाही. दुकान बंद करण्यापर्यंत गोष्ट आली होती. पुढची वर्षं कामात गेली.

नव्याने दुकान टाकणाऱ्यांनो, प्रत्येक लॉटचा नमुना तारीख लिहून काचेच्या बरणीत ठेवा. वाद झाला की तीच बरणी कामाला येते.

आता थरांचं. दोन फुटी टँकचा तळ 60 बाय 30 सेंटिमीटर. मातीचा थर 2 सेंटिमीटर, म्हणजे तळभर धरला तर 3.6 लिटर. कॅप सरासरी 4, म्हणजे 7.2 लिटर, वजनाने साधारण 11 किलो. मातीसाठी कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्हाला सर्वात भरवशाची वाटते : लोह भरपूर, चुना नगण्य. शेतातल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि ती पाण्यात फुगून गढूळ होते, ती नको. गांडूळखत दहाव्या भागापेक्षा जास्त नाही, तेही दोन-तीनदा पाण्यात भिजवून, वरचं तरंगणारं काढून टाकून. जास्त घातलं की तळाशी प्राणवायू संपतो, काळे डाग पडतात, काडी खुपसली की सडक्या अंड्याचा वास येतो.

माती भाकरीच्या पिठाइतकी ओली करून थापायची. काचेपासून 3 सेंटिमीटर आत थांबायचं आणि ती कड नुसत्या ग्रॅव्हलने भरायची, म्हणजे समोरून माती दिसत नाही आणि काचेलगत शेवाळ कमी धरतं. कॅप पुढे 3, मागे 5-6. ग्रॅव्हल पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. जपानी अ‍ॅमेझोनियासारखी तयार सॉइल मात्र कधीही धुवायची नाही, दाणा फुटतो. ती सुरुवातीला अमोनिया सोडते, म्हणून पहिला आठवडा रोज निम्मं पाणी बदलायचं. पाणी भरताना तळावर बशी ठेवून तिच्यावरच धार सोडा.

क्रिप्टोकोरिन आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पती मुळांनी खातात, ती लांब चिमट्याने खोल लावा. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस तर आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांचीच. तिची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळली तरी उपटू नका, मूळ जिवंत असतं. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा कंद मात्र पुरायचा नाही, कुजतो. त्यांना लाकडाला दोऱ्याने बांधा.

महिनाभर मासे नाहीत. माशांना विषारी असणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच सोडायचे.

आमच्याकडून दोन फुटी टँकसाठी 4 लिटर माती आणि 12 किलो ग्रॅव्हल जातं, थोडं हाताशी उरावं म्हणून जास्तीचं. गोणीवर लॉटची तारीख हाताने लिहिलेली असते. ती नसेल तर गोणी न फोडता परत आणा.