सकाळी साडेआठचा सुमो

टोकियोतल्या र्योगोकू स्टेशनात दुपारी साडेतीनला जी झुंड उतरते तिच्यावर माझा राग आहे. हातात खाण्याच्या पिशव्या, गळ्यात कॅमेरे, आणि लगबग अशी की जणू सगळं आता सुरू होणार आहे. शेजारी कोकुगिकानमध्ये, म्हणजे सुमोच्या मोठ्या सभागृहात, तोवर सात तास कुस्त्या झालेल्या असतात. तिकीट दिवसभराचं, पैसे दिवसभराचे, आणि ही मंडळी बघणार शेवटचे दोन-अडीच तास. लग्न चुकवून थेट पंगतीला बसण्यातला प्रकार.

जानेवारीच्या स्पर्धेचे पहिले पाच दिवस बघून हे लिहितो आहे. आधीच सांगतो, शेवटच्या रविवारचं तिकीट मिळालं नाही म्हणून हळहळू नका. मोठ्या सुमो स्पर्धा वर्षाला सहा: जानेवारी, मे, सप्टेंबर टोकियोत, मार्चमध्ये ओसाका, जुलैत नागोया, नोव्हेंबरात फुकुओका. प्रत्येक स्पर्धा १५ दिवसांची, रविवार ते रविवार. तिकिटं साधारण महिनाभर आधी विक्रीला येतात आणि सुट्टीच्या दिवसांची आधी उडतात. सोमवार ते गुरुवार त्यातल्या त्यात हाताला लागतात. करंडक शेवटच्या दिवशी मिळतो म्हणून नवख्यांना तोच दिवस हवा असतो. पण योकोझुनाची, म्हणजे सर्वांत वरच्या मानाच्या मल्लाची, खरी पंचाईत होते ती सुरुवातीला. पहिल्या दिवसांत त्याच्यासमोर येतात ते त्याच्याहून खालच्या मानाचे, कोमुसुबी आणि माएगाशिराच्या वरच्या फळीतले मल्ल. त्याच्या खालोखालच्या मानाचे ओझेकी शेवटच्या दिवसांसाठी राखलेले असतात. या खालच्यांना गमावण्यासारखं काही नसतं. माएगाशिराने योकोझुनाला हरवलं की ती ‘किनबोशी’, सोन्याची चांदणी. एका किनबोशीमागे त्या मल्लाला प्रत्येक स्पर्धेला ४० हजार येन जास्त मिळू लागतात, तो पगारी श्रेणीत आहे तोवर. प्रेक्षक अशा वेळी बसायच्या गाद्या आखाड्याकडे भिरकावतात. फेकू नका अशी सूचना असते, ती त्या क्षणी कुणीच ऐकत नाही.

योकोझुनांच्या मोठमोठ्या विजयमालिका बघा कुठे तुटल्या. फुताबायामाची सलग ६९ विजयांची मालिका १९३९ च्या जानेवारीत चौथ्या दिवशी आकिनोउमीने तोडली. हाकुहोची ६३ ची मालिका २०१० च्या नोव्हेंबरात दुसऱ्या दिवशी किसेनोसातोने. तायहोची ४५ ची मालिकाही १९६९ च्या मार्चमध्ये दुसऱ्याच दिवशी, तीही चुकीच्या निकालाने. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतल्या फोटोंत प्रतिस्पर्धी तोदाचाच पाय आधी बाहेर गेलेला दिसला. पुढच्या स्पर्धेपासून पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला. चियोनोफुजीची ५३ ची मालिका मात्र १९८८ मध्ये शेवटच्या दिवशी तुटली. हे न सांगणं लबाडीचं होईल.

पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी सकाळी १० वाजता आखाड्याची पूजा होते, ती फुकट बघता येते. आखाड्याला ‘दोह्यो’ म्हणतात. वरच्या मानाचा पंच, ग्योजी, त्या दिवशी पुरोहित होतो आणि मधोमध खोदलेल्या चौकोनी खळग्यात मीठ, धुतलेले तांदूळ, सुकं चेस्टनट, वाळवलेला माकूळ, कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि काया झाडाच्या बिया पुरतो, वर साके ओततो. मातीत हळद, ताक, लिंबू, तेल मुरवणाऱ्या आपल्या तालमींची आठवण येते. फरक असा की आपली माती भुसभुशीत, अंग टाकायला केलेली. ही माती ठोकून दगडासारखी केलेली असते. इथे पाठ टेकवायची नसतेच. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग टेकला, किंवा कडेबाहेर पाय पडला, की संपलं.

दोह्यो बांधतात ते योबिदाशी, म्हणजे तेच पुकारे जे नंतर पंखा उघडून मल्लांची नावं गाऊन पुकारतात. काम तीन दिवसांचं, सगळं हातांनी. भाताच्या पेंढ्याच्या लोडांत माती भरतात आणि ते लोड बिअरच्या रिकाम्या बाटल्यांनी ठोकून आकाराला आणतात. वर्तुळाचा व्यास ४.५५ मीटर. त्याच्या २० लोडांपैकी चार लोड, चार दिशांना, एका लोडाच्या जाडीएवढे मागे सरकवलेले असतात. कुस्त्या उघड्यावर व्हायच्या तेव्हा पावसाचं पाणी निघून जावं म्हणून केलेली ती फट होती. आता वर छप्पर आहे, पण फट राहिली, आणि कडेला रेटला गेलेला मल्ल टाच नेमकी तिथे नेतो, कारण तेवढी वीतभर जागा जास्त मिळते. बसायची जागा कुठेही असो, हे चार लोड आधी हेरून ठेवा. वर्तुळाबाहेर झाडून सपाट केलेल्या बारीक वाळूचा पट्टा असतो. पाय पडला की ठसा उमटतो. निकालावर वाद झाला की काळ्या पोशाखातले पाच पंच वर चढतात आणि आधी तो ठसा बघतात.

आता सकाळ.

साडेआठच्या आधी बाहेरच्या १६ मीटर उंच मचाणावर ढोल वाजत असतो. जानेवारीतल्या त्या थंडीत स्टेशनकडून लाकडी खडावांची खटखट येते. ही खालच्या श्रेणीतली पोरं. अंगात पातळ सुती युकाता, पायांत गेता, आणि ओव्हरकोट नाही. घालायची परवानगीच नाही. खालून तिसऱ्या, सानदानमे श्रेणीत गेलं की चपला मिळतात, त्यावरच्या माकुशितात गेलं की कोट आणि मफलर. श्रेणी कपड्यांवरून वाचता येते. दोन ते तीनच्या दरम्यान येणारे बडे मल्ल टॅक्सीतून उतरतात तेव्हा दाराशी कॅमेऱ्यांची भिंत असते. सकाळच्या पोरांसाठी दाराशी एखाद-दुसरी म्हातारी असते, नाव घेऊन हाक मारणारी.

आत ११ हजार माणसांची जागा आणि जेमतेम दीड-दोनशे डोकी. छतापासून लोंबणारं सुमारे सहा टनांचं छप्पर, त्याच्या चार कोपऱ्यांना हिरवा, तांबडा, पांढरा, काळा असे ऋतूंचे गोंडे. भिंतींवर वरून मागच्या ३२ विजेत्यांच्या भल्याथोरल्या तसबिरी खाली बघत असतात. आणि त्यांच्या नजरेखाली जोनोकुचीतला, सगळ्यांत तळच्या श्रेणीतला, मुलगा दोह्योवर चढतो. कमरेला काळं सुती मावाशी, तेच जे तालमीत सरावाला असतं. रेशमी रंगीत पट्टे वरच्या दोन श्रेणींचे. ग्योजीही शिकाऊ: अनवाणी, पोशाख गुडघ्यापर्यंत खोचलेला. मीठ नाही, तोंड धुवायला पाणी नाही, बक्षिसाची निशाणं नाहीत. दोन मिनिटांच्या आत भिडायचं.

आणि मग ऐकू येतं. संध्याकाळी हे कधीच ऐकू येत नाही, म्हणून सकाळी या म्हणतो. डोक्यावर डोकं आदळल्याचा आवाज कोरडा येतो, नारळावर नारळ आपटावा तसा. तळपाय वाळूवर घासतात ते ऐकू येतं. श्वास ऐकू येतो. ग्योजीचं ‘नोकोत्ता, नोकोत्ता’, अजून आत आहेस, अजून आत आहेस, रिकाम्या दालनात घुमतं. पाच सेकंदांत एक जण बाहेर. दोघे वाकून नमस्कार करतात. हरणारा जाताना एकदाही मागे बघत नाही, जिंकणारा हसत नाही. आपल्याकडे कुस्ती मारली की पैलवान खांद्यावर जातो, हलगी कडाडते, फेटा उडतो. इथे जिंकलेल्याने मूठ जरी आवळली तरी नंतर बोलणी बसतात. मला हे पहिल्या दिवशी रुक्ष वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटेनासं झालं.

वजनगट नाहीत. १०० किलोच्या आतला पोरगा १६० किलोच्या माणसासमोर उभा राहतो आणि कुणाला त्यात अन्याय दिसत नाही. वयाचंही तेच. १६ वर्षांचं पोर आणि चाळिशीचा गडी एकाच श्रेणीत. २०२२ साली निवृत्त झालेला हानाकाझे तेव्हा ५१ वर्षांचा होता. खालच्या चार श्रेणींना पगार नाही. तालमीत राहणं, जेवण आणि थोडा भत्ता, एवढंच. पगार सुरू होतो जूर्योपासून. जूर्योचे २८ आणि त्यावरच्या माकुउचीचे ४२, असे ७० जण पगारी, बाकी सगळे त्या ७० मध्ये शिरायला बघतात. माकुशिताच्या वरच्या टोकाच्या कुस्त्या दुपारी दोनच्या सुमारास होतात. त्या मला दिवसातल्या सगळ्यांत कडव्या वाटल्या. कारण उघड आहे, पलीकडच्या पायरीवर पगार आहे.

इथे एक घोळ होतो, तो आधीच सांगतो. वरचे ७० जण रोज लढतात, १५ दिवस १५ कुस्त्या. खालच्यांना मात्र सातच, म्हणजे साधारण दिवसाआड. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाची एक. त्यामुळे ठरावीक पोराला बघायला रविवारी जावं तर त्याची कुस्ती सोमवारी निघते. पहिल्या दोन दिवसांच्या जोड्या स्पर्धेआधी दोन दिवस ठरतात, पुढच्या रोजच्या रोज. आदल्या संध्याकाळी यादी बघूनच निघावं. वरच्यांना १५ पैकी आठ, खालच्यांना सातपैकी चार जिंकले की सहसा बढती. खाली जोड्या समान विजयांच्या लागतात, जिंकणाऱ्याला जिंकणारा आणि हरणाऱ्याला हरणारा. चौथ्या दिवसाअखेर दोन-दोन हरलेले एकमेकांसमोर यायला लागतात, आणि त्या कुस्त्या बघवत नाहीत इतक्या घाबऱ्या असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी माएझुमो सुरू होतं: नव्याने भरती झालेले, ज्यांचं नाव अजून क्रमवारीच्या कागदावरही नाही. केस शेंडी बांधण्याइतके वाढलेले नाहीत, मोकळेच. पाच-दहा मिनिटांत आटोपतं. नऊला आलात तर चुकलं.

दुपार थोडक्यात. तळघरातल्या दालनात चान्कोची वाटी मिळते, तालमीत रोज रटरटणारं तेच मांस-भाज्यांचं कालवण. रांग बाराच्या आधी लागते. इथली याकितोरी तळघरातच भाजतात आणि ती गारच खायची असते. कोंबडी का, तर ती दोन पायांवर उभी असते. चार पायांचा प्राणी म्हणजे हात टेकलेला मल्ल, अपशकुन. बाहेर जाऊन परत आत येता येतं, पण एकदाच. चौघांची चौकोनी जागा, मासुसेकी, कागदावर मोहक वाटते. प्रत्यक्षात सव्वा मीटरच्या चौकोनात चार गाद्या. मांडी घालून जेवायची सवय असलेल्या आपल्यालासुद्धा चार तासांनी गुडघे कळवळून सांगतात. दोघांनी चौघांची घ्या, नाहीतर सरळ वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या. आखाड्याला चिकटून असलेल्या जागांवर खायला, प्यायला, फोटोला बंदी, आणि अंगावर दीडशे किलो येण्याची शक्यता खरी आहे.

साडेतीनची झुंड आत येते ती माकुउचीच्या मिरवणुकीला. मग सुरू होते तिची तक्रार: हे भिडत का नाहीत? मीठ फेकतात, वाकतात, डोळ्यांत डोळे घालतात, उठतात, परत कोपऱ्यात जातात. आपल्या पैलवानांची खडाखडी असते तशीच ही, फक्त अंगाला हात न लावता. ७० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पांढऱ्या रेघांमागे ते बसतात आणि एकमेकांचा दम जोखतात. माकुउचीला चार मिनिटं, जूर्योला तीन. पूर्वी वेळेचं बंधनच नव्हतं. १९२८ साली रेडिओवर प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा मर्यादा आली, आणि तीही पहिल्यांदा १० मिनिटांची होती. दिवसाला सुमारे ४५ किलो मीठ या येरझाऱ्यांत जातं. चार मिनिटं मोबाइलमध्ये घालवू नका. कोण आधी नजर काढतो, कोण शिको, म्हणजे पाय बाजूला उचलून आपटणं, जास्त उंच मारतो, कोणाची पाठ घामेजली, हे बघा. वेळ संपल्याची खूण म्हणजे कोपऱ्यातला पुकारा टॉवेल पुढे करतो. मल्ल तोंड आणि काखा पुसतो, शेवटचं मीठ उचलतो, आणि दालनाचा आवाज आपोआप चढतो. पुढच्या दहा सेकंदांत चारही हात जमिनीला टेकतील आणि ते सुटतील. फोटो काढायचा तर तेव्हा. त्याआधीचे सगळे फोटो एकसारखेच येतात.

या खेपेला मात्र सोमवार ते बुधवार वरच्या कुस्त्या यथातथाच झाल्या.

सहाला पाच मिनिटं असताना शेवटची कुस्ती संपते आणि अर्धी माणसं जिन्याकडे पळतात. मागे एक मल्ल धनुष्य फिरवत असतो तिकडे पाठ करून. पळणाऱ्यांना स्टेशनात तसंही रांगेतच उभं राहायचं असतं. बाहेर मचाणावर पुन्हा ढोल वाजतो, उद्या परत या असं सांगणारा. हा ढोल शेवटच्या रविवारी वाजवत नाहीत, दुसऱ्या दिवशी कुस्तीच नसते. तो ऐकत सुमिदा नदीवरचा पूल ओलांडून आसाकुसाबाशी स्टेशनापर्यंत चालत जावं. पाऊण-एक किलोमीटर आहे, आणि तिथे गाडीत चढायला जागा मिळते.